पोटखराबा

काकूच्या खळ्यात वृंदावनाच्या मागे गुलबक्षीची रांग आहे. दुपारभर ती मान टाकून असते. चार वाजून गेले, उन्हं माडांच्या शेंड्यांवर चढली, की एकेक कळी सुटते. बहुतेक झाडं सरळ गुलबक्षी रंगाची. एक मात्र पिवळं आणि त्या पिवळ्यावर लाल फराटे. एका फुलाच्या कडेला नुसती टिंबं, दुसऱ्याला मधोमध पट्टा, तिसरं अर्धं पिवळं, अर्धं लाल, दोन फुलं कापून एकत्र शिवल्यासारखं. काकूचा या झाडावर राग आहे. "पिवळ्याचं बी निराळं काढून ठेवते दरवर्षी, पुडीवर नाव घालून. पावसात टाकलं की पुन्हा हेच. एक फूल दुसऱ्यासारखं असेल तर शपथ."

मी पुण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे या झाडाचा जाब मी द्यायचा असं तिचं मत. मी आले होते दुसऱ्याच कामाला. गणपती गेले, चाकरमानी परतले, एसट्या रिकाम्या झाल्या आणि मी प्लास्टिकची फाइल घेऊन चार दिवस मागे राहिले. फाइलीत आमच्या गटाचा सातबारा होता.

आमच्या सातबाऱ्यावर ४३ नावं आहेत. काकूने बोटं मोजून १९ माणसं हयात असल्याचं सांगितलं, त्यातल्या दोघांबद्दल तिला खात्री नव्हती. उरलेली नावं गेलेल्यांची, पण कागदावर ती अजून जमीन धरून बसलीत. एका आजोबांचं नाव दोनदा आहे, एकदा नीट आणि एकदा काना सुटून. नक्कल होताना कधीतरी ते दुणावलं असणार. काही नावं अशा शाखेची आहेत की जिचं कुणी तीन पिढ्यांत वाडीत फिरकलेलं नाही. तिसाव्या ओळीच्या आसपास मीही आहे, बाबांच्या मागोमाग लागलेली. मी या जमिनीत एक रोप लावलेलं नाही.

सातबाऱ्यावर नाव चढलं किंवा उतरलं की गाव नमुना सहामध्ये त्याची नोंद होते. तिला आपण फेरफार म्हणतो. इंग्रजी कागदांत त्याच नोंदीला 'म्युटेशन एंट्री' म्हणतात. वर्गात मी ज्याला 'उत्परिवर्तन' म्हणून फळ्यावर लिहिते, तोच हा शब्द. इतकी वर्षं शिकवते आहे, पण हे माझ्या लक्षात आलं ते या वेळी, काकूच्या पडवीत, फाइल मांडीवर असताना. समोर गुलबक्षी उमलत होती. तीही एक फेरफारच होती, फक्त तलाठ्याला न विचारता झालेली.

काकूला मी सांगितलं ते असं. त्या झाडात लाल रंग तयार करणारं एक जनुक आहे. हा लाल म्हणजे बीट चिरताना बोटांना लागतो त्याच जातकुळीचा. पण या जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक परका तुकडा येऊन बसलाय. मधेच कुणी भिंत घातली की वाट बंद होते, तसं ते जनुक वाचताच येत नाही. लाल होत नाही, पिवळा तेवढा उरतो. आता गंमत अशी की हा तुकडा तिथे कायमचा राहत नाही. फूल घडताना पेशी दुभंगत असतात, एकीच्या दोन, दोनांच्या चार. त्यातल्या एखाद्या पेशीत तो उठून निघून जातो. वाट मोकळी होते, आणि त्या पेशीची पुढची सगळी प्रजा लाल निपजते. लवकर उठला तर अर्धी पाकळी लाल, उशिरा उठला तर टिंब. अशा फराट्यांच्या गुलबक्षीत नेमका कुठला तुकडा कुठल्या जनुकात शिरलाय, हे जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं.

"म्हणजे तो राहायला जागा बघत फिरतोय," काकू म्हणाली.

जवळपास तसंच. अशा तुकड्यांना शास्त्रात ट्रान्सपोझॉन म्हणतात, पाठ्यपुस्तकात कुठे कुठे 'उड्या मारणारी जनुकं'. मला तो शब्द फारसा आवडत नाही. मुलं तो ऐकून हसतात आणि पुढचं विसरतात. उडी वगैरे काही नसते, असते ती जोडारीसारखी कामगिरी. तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकमेकांची उलट प्रत असावी अशी अक्षरं असतात. ट्रान्सपोझेज नावाचं एन्झाइम ती टोकं ओळखतं, जवळ आणतं, तुकडा कापून सोडवतं आणि दुसरीकडे डीएनएला छेद देऊन तिथे बसवतं. बसवताना त्या जागची काही मोजकी अक्षरं दुहेरी होतात. पुढे तुकडा निघून गेला तरी ती जादा अक्षरं बहुधा मागे राहतात. कुंपणाचा खुंट उपटला की भोक राहतं. इथे उलट, उंचवटा राहतो. तो उंचवटा अडचणीच्या जागी असेल तर तुकडा जाऊनही जनुक बिघडलेलंच.

हे पहिल्यांदा ज्या बाईला दिसलं तिच्याकडे गुलबक्षी नव्हती, मका होता. बार्बरा मॅक्लिंटॉक, जन्म १९०२. अमेरिकेत लाँग आयलंडच्या खाडीकाठी कोल्ड स्प्रिंग हार्बरची प्रयोगशाळा आहे. तिथे ती १९४० च्या दशकात दर उन्हाळ्यात मका पेरायची, स्वतःच्या हाताने परागण करायची आणि हिवाळाभर दाणे बघत बसायची. रत्नागिरीला मांडवीच्या धक्क्यावर भाजून मिळतं ते कणीस सगळं एका रंगाचं असतं. तिच्या कणसांचे दाणे ठिपक्यांचे होते, फिक्या दाण्यावर जांभळे शिंतोडे. मक्याचं नववं गुणसूत्र पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी तुटताना तिला सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. मग काही रोपांत ती तुटायची जागाच बदललेली आढळली. तिने त्या जागेला 'डिसोसिएशन' नाव दिलं. ती जागा आपण होऊन हलत नाही, तिला हलवायला दुसरा एक घटक लागतो, हेही तिने वंशावळी जुळवून शोधलं. त्या दुसऱ्याचं नाव 'ॲक्टिव्हेटर'. डीएनएची रचना जगाला १९५३ मध्ये कळली. या बाईने त्याआधीच, डीएनएचं एक अक्षर न वाचता, नुसत्या दाण्यांवरच्या ठिपक्यांवरून सांगितलं की जनुकांच्या माळेतले काही मणी जागा बदलतात.

१९५१ च्या परिषदेत तिने हे मांडलं तेव्हा श्रोत्यांच्या पदरात फारसं काही पडलं नाही. त्या काळी जनुकं म्हणजे दोऱ्यात ओवलेले पक्के मणी, असा सगळ्यांचा समज. काही वर्षांत तिने या विषयावर नियतकालिकांत सविस्तर लिहिणंच जवळजवळ थांबवलं. काम थांबवलं नाही. पुढे साठीच्या दशकाच्या अखेरीस जिवाणूंमध्ये असेच फिरते तुकडे सापडले, मग फळमाश्यांमध्ये, मग जिथे बघावं तिथे. १९८३ मध्ये तिला नोबेल मिळालं, एकटीला, वयाच्या ८१ व्या वर्षी. तिच्याकडे फोन नव्हता. बातमी तिने रेडिओवर ऐकली. काकूला या सगळ्या गोष्टीत एवढंच पटलं. "फोन नसला की माणूस शांत असतो," ती म्हणाली आणि गाय बांधायला उठली.

गुलबक्षीतला तुकडा घर सोडून दुसरीकडे जातो. दुसरी एक जात आहे तिचं वागणं आमच्या चाकरमान्यांसारखं. चाकरमानी गावातलं नाव कमी करत नाही. मुंबईत खोली घेतो, तिथे रेशनकार्ड करतो, आणि गावच्या कागदावरही असतोच. या तुकड्याची आधी आरएनएत नक्कल निघते, मग त्या नकलेवरून उलट्या दिशेने पुन्हा डीएनए बनतो आणि तो जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएत, तिसऱ्याच ठिकाणी जाऊन बसतो. मूळ जिथल्या तिथे. आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम असतं हे १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी विषाणूंमध्ये दाखवलं, तोवर ही उलटी वाट कुणी फारशी मानत नव्हतं.

कापून जाणारा एकाचा एकच राहण्याची शक्यता तरी असते. नकला काढणारा वाढतच जातो. माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. त्यांचा पहिला आराखडा २००१ मध्ये हाती आला तेव्हा कळलं की जवळजवळ ४५ टक्के मजकूर या फिरत्या तुकड्यांचा किंवा त्यांच्या मोडक्या अवशेषांचा आहे. प्रथिनं बनवायची कृती ज्यात लिहिलीय तो भाग दीड टक्क्याच्या आसपास. मक्यात तर ८५ टक्के यांचंच राज्य.

आपल्यातल्या मोठ्या घराण्याचं नाव लाइन-१. एक पूर्ण प्रत सुमारे ६,००० अक्षरांची, एकूण प्रती पाच लाखांच्या घरात. बहुतेक अर्धवट, डोकं उडालेल्या. जेमतेम शंभरेक अजून हलू शकतात. त्यांच्यामागून आलाय ॲलू, ३०० अक्षरांचा किरकोळ तुकडा, आणि त्याच्या प्रती दहा लाखांहून जास्त. (ज्या जिवाणूच्या एन्झाइमने तो ओळखला गेला त्याच्या नावावरून हे नाव आलं. आमच्या परसवातल्या अळवाशी त्याचा संबंध नाही, पण पसरायची रीत तीच.) ॲलूकडे स्वतःचं काहीच सामान नाही. लाइन-१ ची होडी खाडी ओलांडायला निघाली की हा तिच्यात बसून घेतो, तिकीट न काढता. मॅक्लिंटॉकबाईंच्या मक्यातही तेच नातं होतं, एक वल्हवणारा आणि एक बसून जाणारा.

हे सगळं निरुपद्रवी नाही. १९८८ मध्ये हिमोफिलियाच्या दोन मुलांच्या, एकमेकांशी नातं नसलेल्या मुलांच्या, रक्त गोठवणाऱ्या जनुकात लाइन-१ चा नवा तुकडा घुसलेला सापडला. आईवडिलांच्या त्या जनुकात तो नव्हता. त्या पिढीतच कधीतरी तो येऊन बसला आणि लेकराचं रक्त थांबेनासं झालं. म्हणून पेशी या तुकड्यांवर पहारा ठेवतात, डीएनएवर बारीक रासायनिक खुणा डकवून त्यांना कुलूप घालतात. मरेपर्यंत हा पहारा चालू असतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मांडवावरची तीन तवशी गेली. वानरांची टोळी आली होती. काकूने पत्र्याचा डबा बडवला, फटाका लावला, शिव्या दिल्या. थोराड वानर कौलांवर बसून निवांत तवसं खात होता, वळचणीखाली त्याची शेपटी लोंबत होती. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे लोकांनी भाजीपाला लावणं सोडलं ते यांच्यापायीच, आणि त्यावर कुणाकडे उपाय नाही. मी डबा हातात घेऊन त्या शेपटीकडे बघत होते. आपली का गेली, याचं एक उत्तर २०२४ मध्ये आलंय. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी, वानरांची वाट आणि आपल्यासकट चिंपांझी-गोरिलासारख्या एप्सची वाट वेगळी झाली त्या सुमाराला, शेपटीच्या घडणीत भाग घेणाऱ्या एका जनुकात एक ॲलू येऊन बसला. जवळच आधीचा एक ॲलू उलट्या तोंडाने बसलेला होता. दोघांची अक्षरं एकमेकांना चिकटतात, मधला मजकूर वळसा घेऊन बाहेर राहतो, आणि जनुकाचा संदेश एक भाग गाळून वाचला जातो. उंदरांमध्ये तसाच गाळीव संदेश तयार करून पाहिला तेव्हा शेपट्या आखूड झाल्या, काहींच्या नाहीशाच. काही पिल्लांच्या कण्यात दोषही आले. शेपूट गेली ती फुकट गेली नाही म्हणायची.

काकूला मी एवढंच म्हटलं की त्याच्याकडे शेपटी आहे आणि आपल्याकडे नाही, हेही एका फुकट्या प्रवाशाचं काम असावं. ती म्हणाली, "त्याला सांग, उरलेलं तवसं ठेव."

गोठ्यातल्या गाईची कथा तर याहून चमत्कारिक आहे. ती ऐकवताना काकूने पहिल्यांदा हातातलं काम थांबवलं. बोव्ह-बी नावाचा एक तुकडा आहे. गाईच्या जीनोमचा सुमारे पाव भाग त्याने आणि त्याच्या गोतावळ्याने व्यापलाय. त्याचे जवळचे नातलग शोधू गेलं तर ते दुसऱ्या दूध देणाऱ्या जनावरांत मिळायला हवेत. मिळतात सापासरड्यांत. म्हणजे हा तुकडा आईबापाकडून पोराकडे असा सरळ उतरला नाही, आडवा आला, एका जातीतून दुसऱ्या जातीत. कसा आला असेल? सरपटणाऱ्या प्राण्यांचं रक्त पिणाऱ्या गोचिडांतही हाच तुकडा सापडला, म्हणून संशय गोचिडावर. काकू पावसाळाभर गाईच्या कानामागच्या गोचिडी काढते आणि राखेत टाकते. गोठ्यापलीकडच्या गडग्यात फुरसं निघतं. या तिघांचा एकमेकांशी असा कागदोपत्री संबंध निघेल असं तिला वाटलं नव्हतं. मलाही पहिल्यांदा वाचताना वाटलं नव्हतं.

आता सातबाऱ्यावरचा एक रकाना सांगायचा राहिला, पोटखराबा. गटातली जी जमीन लागवडीला येत नाही ती त्यात दाखवतात. आमच्याकडे हा आकडा पिकाच्या आकड्यापेक्षा मोठा आहे, कारण अर्धा गट सड्यावर, आणि सडा म्हणजे जांभ्याचा कातळ. डीएनएच्या या न वाचल्या जाणाऱ्या पसाऱ्याला सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये 'जंक' म्हटलं, अडगळ. मला वाटतं, त्याला सातबारा वाचता येत असता तर त्याने पोटखराबाच म्हटलं असतं. अडगळ माळ्यावर टाकता येते. पोटखराबा तुमच्या गटातच असतो, मोजणीत येतो, आणि त्याला वगळून हद्द आखता येत नाही.

गेली काही वर्षं वर्तमानपत्रांत दर थोड्या दिवसांनी बातमी येते की अडगळ डीएनए अडगळ नाहीच, सगळं उपयोगाचं आहे. २०१२ मध्ये माणसाच्या जीनोमचा अभ्यास करणाऱ्या एन्कोड प्रकल्पाने ८० टक्के जीनोममध्ये काही ना काही जैवरासायनिक हालचाल दिसते म्हणून त्याला 'कार्य' हा शब्द वापरला तेव्हापासून या बातम्यांना जोर आला. मला हे पटत नाही, आणि बऱ्याच जनुकशास्त्रज्ञांनाही पटलं नाही. हालचाल म्हणजे काम नव्हे. आमच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती मी पाहिलाय, एवढा थोरला की जवळ उभं राहून तो हत्ती आहे हे कळतच नाही, आणि त्याच्या पोटात कितीतरी लहान प्राणी कोरलेले. हजारो वर्षं गुरं त्यावरून चरत गेली, पोरं त्यावर क्रिकेट खेळली. २०२२ मध्ये कोकणातल्या शिल्पांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली आणि कातळाला एकदम भाव आला. खरंच, पोटखराब्यात हत्ती निघाला. पण म्हणून सगळा सडा काही शिल्प होत नाही. बाकीचा कातळ कातळच आहे. त्यावर भाद्रपदात निळी-पिवळी रानफुलं येतात आणि दसऱ्यानंतर सगळं वाळून जातं, त्यातून दुसरं काही काढायला जाऊ नये. दहा लाख ॲलूंपैकी एकाने शेपूट घालवली. उरलेल्यांतले बहुतेक नुसते बसलेत.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी काकूपुढे सातबाऱ्याचं गाऱ्हाणं मांडलं. एवढी नावं, एकही माणूस इथे नाही, कुठल्याही कागदावर ४३ सह्या लागतात, ही परकी माणसं आपल्या जमिनीत कशाला? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आपण तरी कुठले गो मालक? तुझे पणजोबा कूळ म्हणून लागले होते इथे. सत्तावन सालात नाव लागलं."

हे मला माहीत होतं आणि मी विसरले होते. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या तारखेला कसणारी कुळं कायद्याने मालक मानली गेली. आमचं नाव सातबाऱ्यावर चढलं ते त्या फेरफाराने. त्याआधी आम्ही दुसऱ्याच्या जमिनीत राहणारे होतो.

जीनोममध्येही असं एक कूळ आहे. आपलं शरीर ज्या जंतूशी आधी कधीच गाठ पडली नाही त्याच्याविरुद्धही प्रतिपिंड तयार करू शकतं. त्यासाठी पांढऱ्या पेशी प्रतिपिंडाच्या जनुकाचे तुकडे कापून निरनिराळ्या जुळण्या करून चिकटवतात. हे कापायचं काम रॅग नावाची दोन जनुकं करतात, आणि त्यांची कापायची ढब हुबेहूब ट्रान्सपोझॉनची आहे. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी असाच एक फिरस्ता आपल्या पूर्वजांच्या डीएनएत शिरला, फिरणं सोडून दिलं आणि राखणीला राहिला. २०१६ मध्ये त्याच्या मूळ घराण्यातला एक जिवंत तुकडा सापडला, तो लॅन्सलेट नावाच्या, समुद्राच्या वाळूत अंग पुरून राहणाऱ्या बोटभर प्राण्यात. गर्भाची वार बनवायला मदत करणारं एक जनुकही असंच, जुन्या विषाणूकडून आलेलं. यांना आता परकं कसं म्हणायचं?

रात्री डोंबिवलीहून भावाचा मेसेज आला. 'ताई, हक्कसोडपत्राचं काय ठरलं? तुझं नाव कमी झालं तर पुढचं सोपं होईल.' त्याचं म्हणणं चूक नाही. मी काकूला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला काय घाई आहे. असू दे की नाव. खातं का काय तुझं नाव?" मी भावाला उत्तर पाठवलं नाही, अजूनही पाठवलेलं नाही.

सकाळी निघताना काकू गुलबक्षीच्या मिऱ्यांसारख्या काळ्या बिया गोळा करून घेऊन आली. फराट्यांच्या झाडाची एक फांदी त्या आठवड्यात पूर्ण लाल फुलायला लागली होती, एकही पिवळा ठिपका नाही. त्या फांदीच्या बिया आणि बाकीच्या झाडाच्या बिया तिने एकत्रच आणल्या होत्या, मुठीत. पुडीला कागद हवा होता. माझ्या फाइलीतून तिने सातबाऱ्याची जुनी झेरॉक्स ओढली, ज्यात ४१ च नावं होती, आणि तिची चौकोनी पुडी बांधली.

"नाव घाल," ती म्हणाली.

मी पेन काढलं. पिवळी लिहावं तर खोटं, लाल लिहावं तर तेही. शेवटी 'काकूची गुलबक्षी' एवढंच लिहून पुडी पर्समध्ये टाकली, तेवढ्यात वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.